दुसऱ्याचं सांगायचं नाही

ड्रमलारा, १९ सप्टेंबर

हेझल,

तुझा केकचा डबा माझ्याकडे राहिलाय. त्यासाठीच लिहितेय, दुसरं काही नाही.

फोनवर सांगितलं असतं, पण माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस. परवा तर मी 'हॅलो'मधलं 'हॅ' म्हटलं आणि खलास. तेव्हा पत्र. राहतेस पाच मैलांवर, पण मध्ये दोन आयर्लंडांची हद्द. तुमचं टपाल वेगळं, आमचं वेगळं, त्यामुळे हे कुठे कुठे फिरून तुझ्या दारात कधी पडेल देव जाणे. चालत आले असते तर आधी पोचले असते. पण 'दारात यायला तोंड आहे का तुला?' असं तू विचारशील. विचार. मला तोंड भरपूर आहे, हे तू गेली तीस वर्षं सगळ्यांना सांगतेच आहेस.

आता विषय निघालाच आहे तर मंगळवारचं बोलूनच टाकते.

अर्ज कोणी लिहिला होता, हेझल? मी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, मॅलकीचं जेवण गार करून. 'युरोपातल्या सगळ्या देशांनी मिळून शस्त्रं विकत घ्यायची, आणि त्यासाठी शांततेच्या कामाचा पैसा वळवायचा, याला आम्ही हद्दीवरची माणसं विरोध करतो', हे वाक्य माझं आहे. फिंटनने त्यात दोन स्वल्पविराम घातले आणि तेव्हापासून तो 'माझा अर्ज, माझा अर्ज' म्हणत गावभर फिरतोय. मास्तर होता ना जन्मभर, दुसऱ्याच्या वहीत लाल शाई मारली की वही आपली झाली असं त्याला वाटतं.

आणि ब्रुसेल्सहून उत्तर आलं. युरोपच्या संसदेची समिती ऐकून घ्यायला तयार आहे. एकच माणूस, पाचच मिनिटं. आपला हॉल त्याच पैशावर उभा आहे. तो गेला की दोन्हीकडची, दोन्ही चर्चची माणसं समोरासमोर बसायची एवढ्या टापूतली शेवटची खोली गेली. हे सगळं मला पाठ आहे, झोपेत विचार, सांगेन. मग बोलायला कोणी जायचं?

फिंटन म्हणाला, "हेझलला पाठवू. तिने नवरा गमावलाय. तिचं लोक ऐकतात."

बस. एवढंच. माझ्याकडे त्याने वळूनसुद्धा बघितलं नाही. मी तेव्हा सँडविचवरचा कागद काढत होते.

मी म्हटलं, "मला जड जातंय." नियम तुझाच ना? हात वर करून मतं मोजायची नाहीत, लाकडी चमचा हातोहात फिरवायचा, ज्याच्या हातात तो त्याने बोलायचं, आणि एकाने जरी 'जड जातंय' म्हटलं की गोष्ट तिथेच थांबवायची. तूच म्हणायचीस, मतं मोजून मोजूनच या देशाची वाट लागली. मग तुझाच नियम मी वापरला तर तुझ्या नाकाला मिरच्या का झोंबल्या? मी तुझ्या गुडघ्यांसाठी बोलले. विमानतळ, जिने, ते लांब लांब बोळ. काळजी वाटते माणसाला.

तू चमचा खुर्चीवर ठेवलास आणि कोटाची बटणंही न लावता निघून गेलीस. बाहेर गार होतं. सर्दी झाली असेल तर ती माझ्यामुळे नाही.

डबा घासून ठेवलाय.

डिम्पना

&nbsp;

ड्रमलारा, ६ ऑक्टोबर

हेझल,

उत्तर नाही. बरं.

मंगळवारी हॉलमध्ये वर्तमानपत्रवाले आले होते. ब्रुसेल्सची बातमी त्यांना लागली होती. मी चांगला निळा स्वेटर घातला होता, केस सेट केले होते. कॅमेरावाल्याने आत पाऊल टाकलं आणि पहिलं काय विचारलं? "त्या विधवा बाई कुठे आहेत?"

मी म्हटलं, "आज आल्या नाहीत. मी आहे."

तो म्हणाला, "मग परत येतो," आणि गेलासुद्धा. चहा केला होता, तोही प्यायला नाही.

आता ऐकच. हे तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही आणि पत्रात तू मध्येच उठून जाऊ शकत नाहीस. हॉलच्या भिंतीवर आपले किती फोटो लागलेत? मंत्री आले तेव्हाचा, बिशप आले तेव्हाचा, नॉर्वेचे पाहुणे आले तेव्हाचा. प्रत्येकात तू मधोमध, आणि कडेला एक कोपर दिसतं. ते कोपर माझं आहे. हातात किटली असते म्हणून ओळखू येतं.

हॉलच्या चाव्या माझ्याकडे. हीटर मी लावते. तुमच्या आणि आमच्या पोरांची पहिल्या दिवशी मारामारी झाली तेव्हा मध्ये मी पडले, दात माझा हलला. तुमच्या चर्चच्या बायका 'त्यांच्या कपातून पिणार नाही' म्हणाल्या, तेव्हा दोन्हीकडचे कप एकत्र करून कुणाचे कुठले कळणारच नाहीत असे मी केले. पण कुणी विचारायला आलं की डिम्पनाला कोण विचारतं? डिम्पनाचं कोणी मेलं नाही ना!

हो, नाही मेलं माझं कोणी. त्या सगळ्या गोळीबाराच्या दिवसांत आमच्या घरातली एक कोंबडीसुद्धा मेली नाही. हा काय माझा गुन्हा आहे? मी काय करू आता, कोणाला तरी मारून आणू?

लिहिलं खरं. आता फाडत नाही. मला तुझा हेवा वाटतो, हेझल. तुझ्या घराचा नाही, तुझ्या पेन्शनचा नाही, त्या लॉर्नासारख्या गुणी मुलीचाही नाही. तू उभी राहिलीस की खोली गप्प होते, त्याचा. आणि ती कशामुळे गप्प होते हे मला माहीत असूनही वाटतो. रविवारी प्रार्थनेला गुडघे टेकले तरी वाटतो. मॅलकीला एकदा बोलून दाखवलं, तर तो पेपरमागून म्हणाला, "अख्ख्या आयर्लंडमध्ये मेलेल्या माणसाचा हेवा करणारी बायको एकट्या मलाच मिळाली." वर हसतोय मेला. पोटात दुखतं माझ्या, आणि याला विनोद सुचतात.

गुडघ्यांचं खोटं होतं. तुला ते त्याच वेळी कळलं असणार.

दुसरी गोष्ट अशी की, तू येत नाहीस आणि तारीख जवळ आली, म्हणून चमचा परत फिरवला. माझं नाव निघालं. कोणाला जड गेलं नाही. फिंटन म्हणाला, "डिम्पना, तुला सगळं पाठ आहे, तूच जा." म्हणजे मिळालं मला. हवं होतं ते मिळालं. आनंद व्हायला हवा होता. परत येताना मॅलकीने गाडीत विचारलं, "काय गं, तोंड का पाडलंस?" मी म्हटलं, "चालव गाडी."

डबा अजून इथेच आहे.

डि.

&nbsp;

ब्रुसेल्स, १३ नोव्हेंबर

हेझल,

तू पाहिलंस की नाही मला माहीत नाही. कॉम्प्युटरवर सगळ्या जगाला दिसतं म्हणे. पाहिलं असशील तर पत्र इथेच बंद कर. नसशील पाहिलं, तर दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे.

आमच्या आधी एक गृहस्थ बोलले, शस्त्रांच्या बाजूने. वाईट माणूस नव्हता तो, हेच वाईट. सभ्य, हसरा, माझी खुर्चीसुद्धा त्यानेच ओढून दिली. म्हणाला, सगळे देश वेगवेगळे रणगाडे घेतात, वेगवेगळे सुटे भाग, वेगवेगळा खर्च. एकत्र घेतलं तर घाऊक भाव मिळेल, वाया जाणार नाही, आणि शेजारी दांडगाई करत असताना झोपून राहणं परवडणार नाही. अगदी चोख. सगळे माना डोलवत होते. मला वाटलं, वा रे वा, सत्तावीस घरांची तोंडं सत्तावीस दिशांना, पण बंदुका घ्यायच्या म्हटलं की सगळे एका टेबलाशी बसतात. हे वाक्य मी कागदाच्या कडेला लिहूनही घेतलं.

मग मी. कानाला ते यंत्र, समोर लाल दिवा. मी वाचायला लागले. हॉल, चहा, पोरं, कप, सगळं. चांगलं लिहिलं होतं गं. पण कोणी ऐकेना. समोरचा एक जण फोनवर काहीतरी बघून हसत होता. एक बाई शेजारणीला चष्मा दाखवत होती. कपांचं मी किती रंगवून सांगितलं, आणि एक डोकं वर होईना.

तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "माझ्या मैत्रिणीचा नवरा दुधाची गाडी चालवायचा. एका सकाळी..."

हेझल, सगळी डोकी वर आली. चष्मा खाली गेला. फोन खाली गेला. काचेपलीकडे बसलेले ते भाषांतर करणारेसुद्धा माझ्याकडे बघायला लागले. काय सांगू, किती बरं वाटलं. त्या क्षणाला मला वाटलं, अच्छा, हे असं असतं होय. हे हिला जन्मभर मिळतंय.

आणि मग मला हॉल आठवला. आपल्या गोलात दुसऱ्याचं सांगायचं नाही. कोणाचंच नाही, कितीही चांगल्या कारणासाठी असो. ज्याचं त्याने सांगायचं. आणि कोणी सांगायला लागलाच, तर त्याने चमचा हातात धरून गप्प बसायचं, ज्याचं आहे ते माणूस 'सोडलं' म्हणेपर्यंत. किती वेळा बसवलंय आपण लोकांना असं! त्या मारामारी करणाऱ्या पोरांच्या बापांना बसवलं, फिंटनला बसवलं, एकदा तर बिशपना बसवलं. इतक्या वर्षांची सवय, अंगातच भिनलेली. मी गप्प बसले.

तू 'सोडलं' म्हणेपर्यंत गप्प बसायचं होतं ना. तू कुठे होतीस?

अध्यक्षबाई म्हणाल्या, "मॅडम, तुमचा माइक चालू आहे ना?" मी मान हलवली. एक माणूस धावत आला, माइकवर टिचकी मारून गेला. कोणीतरी पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं असेल, म्हातारीला चक्कर आली. मला समजत होतं की वेळ चाललाय. समजत होतं की एक शब्द बोलले तरी पुरे, पुढचं वाचता येईल, कागद समोरच होता. पण 'एका सकाळी'च्या पुढे माझी जीभ उचलेना. तुझी सकाळ होती ती. मी ती लोकांच्या माना वर करायला वापरली होती.

लाल दिवा विझला. अध्यक्षबाईंनी आभार मानले. पुढचा अर्ज स्पेनमधल्या कुठल्याशा नदीचा होता.

मी सगळ्यांचं वाटोळं केलं, हेझल. हॉलचं, अर्जाचं, सगळ्यांचं. फिंटनला फोन केला तर म्हणतो, "असू दे गं, असू दे." तो 'असू दे' म्हणाला म्हणजे किती वाईट झालं असेल ते तूच समज. त्या हसऱ्या गृहस्थाने मला लिफ्टपर्यंत सोडलं. तोसुद्धा 'असू दे' म्हणाला.

तू गेली असतीस तर असं झालं नसतं. हे मला कळतंय, आणि आज या खोलीत बसूनसुद्धा त्याचाच राग येतोय. काय म्हणावं मला!

डिम्पना

&nbsp;

बॅलीगॉर्ट, २१ नोव्हेंबर

डिम्पना,

तिन्ही पत्रं मिळाली. पहिलं मी फोडलंच नव्हतं. काल तिन्ही एकत्र वाचली.

मी पाहिलं. लॉर्नाच्या कॉम्प्युटरवर, तिच्या स्वयंपाकघरात. तू 'दुधाची गाडी' म्हणालीस तेव्हा मी खुर्चीतून उठले. तू गप्प झालीस तेव्हा मला लगेच कळलं काय झालंय. मी त्या पडद्याला 'सोडलं' म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले. मग ओरडले, "सोडलं, सोडलं, अगं बाई, बोल!" लॉर्ना म्हणाली, "आई, तिला ऐकू जात नाहीये." ते मलाही माहीत होतं.

तू सुरू केलंस म्हणून संपवते. आयव्हन दूध गोळा करायला गेला, आणि एका फाटकाशी तिघांनी त्याला मारलं, तो चुकीच्या चर्चचा होता म्हणून. गाडीचं इंजिन बराच वेळ चालू होतं. एवढंच आहे ते. याचा हेवा कर.

माझं ऐक आता. दर मंगळवारी तू हॉलमध्ये येतेस आणि कोट काढायच्या आत मॅलकीचं सुरू करतेस. मॅलकीने बूट चिखलासकट आत आणले. मॅलकी घोरतो. मॅलकीने परत तीच गोष्ट सांगितली. मॅलकीने टॉवेल ओला टाकला. तीस वर्षं ऐकतेय. मी मध्येच उठून कप विसळायला जाते, तुला वाटतं मला कामाची हौस. मला वाटतं, हिच्या घरात चिखल आणणारा माणूस आहे आणि ही त्याची तक्रार माझ्याकडे करते. लोक माझ्यासमोर गप्प होतात, खरं आहे. मग मी घरी येते, आणि तिथेही सगळं गप्पच असतं. अदलाबदल करायची असेल तर उद्या ये. बूट घेऊन ये.

अर्जाबद्दल. तू 'जड जातंय' म्हणालीस तेव्हा खरं तर मी सुटले होते. राग आला तो गुडघ्यांच्या खोटेपणाचा. मला ब्रुसेल्सला जायचंच नव्हतं. कारण सांगते. रासा माहीत आहे ना, लॉर्नाच्या शेजारची, मशरूमच्या शेडमध्ये काम करते ती लिथुआनियाची मुलगी? तिची आई तिकडे हद्दीलगतच्या गावात राहते, आणि पलीकडे परक्यांचं सैन्य आहे. मी तिला तुझा अर्ज वाचून दाखवला. तिने सगळा शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "मावशी, तुमचा हॉल चांगला आहे. पण तो माणसं मेल्यावर उघडला. माझी आई अजून जिवंत आहे."

काय सांगायचं होतं मी तिला? तू सांग. तू सगळं पाठ केलंयस.

मी त्या माइकसमोर बसले असते तर हेच सांगितलं असतं की मला माहीत नाही. फिंटनला ते चाललं नसतं. तुलाही नाही.

हेझल

&nbsp;

ड्रमलारा, २६ नोव्हेंबर

हेझल,

तुझं पत्र वाचून रागच आला आधी. आलाच. बघ ना, भांडणातसुद्धा तूच माझ्यापेक्षा सरस. मी तीन तीन पत्रं लिहून जे करू शकले नाही ते तू एका पानात केलंस. मॅलकीला वाचून दाखवलं. तो उठला आणि बूट दाराबाहेर काढून ठेवले. मी ओरडले, "आत आण ते!" त्याला काही कळेना. उभाच राहिला मोज्यांत. मग मी रडले, आणि त्याला आणखीच काही कळेना.

आता त्यावर एवढंच. मला माहीत नव्हतं. तीस वर्षं शेजारी बसून माहीत नव्हतं, आणि शांतता कशी करायची ते आपण जगाला शिकवायला निघालो होतो.

रासाचं मात्र मी सोडणार नाही. दोन दिवस डोक्यात तेच घेऊन फिरतेय. भांडी घासताना तिच्याशी बोलते, मॅलकी विचारतो, कोणाशी भांडतेस?

ती खरं बोलली. आपला हॉल उशिरा उघडला. फार उशिरा. पण म्हणूनच तर मी मागतेय ना! आयव्हन दूध गोळा करत होता तेव्हा या टापूत बंदुका कमी होत्या का? चौकीवर होत्या, गवताच्या गंजीत होत्या, एकदा तर आमच्या चर्चच्या माळ्यावर सापडल्या. दोन्हीकडच्यांनी घाऊकच घेतल्या होत्या. खोली मात्र एक नव्हती. जिथे त्या तिघांपैकी एखादा आयव्हनसमोर आठवड्यातून एकदा चहा प्यायला बसला असता, अशी एकही खोली नव्हती. तिच्या आईच्या गावात आहे का अशी खोली? नसेल, तर सगळा पैसा रणगाड्यात गेल्यावर ती कोण उघडणार? तेव्हाही म्हणणार का, माणसं मरू देत, मग बघू?

हे मी तिला ठणकावून सांगेन. पण तिने विचारलं, की त्या खोलीने पलीकडचं सैन्य थांबेल का, तर मी काय सांगू? मला नाही माहीत, हेझल. झालं? मलाही नाही माहीत. मला एवढंच माहीत आहे की आपल्याकडे बंदुकांनी काही थांबलं नाही. तिला घेऊन ये ना हॉलवर. मला तिच्याशी समोरासमोर भांडायचंय.

डिम्पना

&nbsp;

ड्रमलारा, ११ डिसेंबर

हेझल,

बातमी आहे. फिंटन सांगायला येईलच, पण त्याच्या आधी मला सांगायचंय, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

ब्रुसेल्सहून पत्र आलं. 'बोलणाऱ्या बाईंची प्रकृती बिघडल्याचे दिसले, त्याबद्दल समितीला वाईट वाटते.' प्रकृती म्हणे! अर्ज त्यांनी बंद केलेला नाही. वसंतात पुन्हा एक बैठक आहे, तिथे आपल्यातल्या कोणीतरी यावं, पाच मिनिटं पुन्हा मिळतील. एका सदस्यबाईंनी तसं सुचवलं, त्या लिथुआनियाच्या आहेत. त्या म्हणाल्या, 'मी या अर्जाच्या विरोधात आहे, पण ती बाई का गप्प झाली ते मला ऐकायचं आहे.' विरोधातली बाई आपल्यासाठी दार उघडते आणि बाजूचे सगळे 'असू दे' म्हणतात, कमाल आहे की नाही?

काल गोल बसला. रासा आली होती, तू पाठवलीस ते बरं केलंस, जरी स्वतः आली नाहीस तरी. आम्ही कडाक्याचं भांडलो. ती मला म्हणाली, "तुम्हाला घाबरणं काय असतं ते माहीत नाही." मी म्हटलं, "पोरी, मला हेवा काय असतो ते माहीत आहे, तो घाबरण्याचा सख्खा भाऊ." ती हसली. पटलं तिला काही नाही. पण पुढच्या मंगळवारी येते म्हणाली, आणि माझ्या ब्रेडचा अर्धा लगदा बांधून घेऊन गेली. लगदाच म्हणाली त्याला, तोंडावर. मला आवडली.

मग कोणी जायचं ते निघालं. फिंटनने तुझं नाव घेतलं, माझ्याकडे न बघता. चमचा फिरत फिरत माझ्याकडे आला.

मी म्हटलं, "मला जड जातंय."

सगळे चपापले. फिंटनने तर डोळेच मिटले. मी म्हटलं, "थांबा, पुरतं ऐका. मला जड जातंय कारण मला तिचा हेवा वाटतो. मागच्या वेळी गुडघ्यांचं सांगितलं ते खोटं होतं. तेव्हाही हेवाच होता. आजही आहे, आत्ता बोलताना जरा जास्तच आहे. पण हे ओझं माझ्या पोटात आहे, आपल्या कामात नाही. तेव्हा माझ्यासाठी थांबू नका."

 मग फिंटन म्हणाला, "नियमात असं काही नाही. जड म्हटलं की थांबायचं, असं आहे." मी म्हटलं, "फिंटन, स्वल्पविराम घाल आणि पुढे हो." हसले सगळे. रासासुद्धा हसली, तिला स्वल्पविरामाचं काही माहीत नसताना.

तर तू जायचंस. नाही म्हणू नकोस. अर्ज वाचायचा नाही, तो त्यांच्याकडे आहे. आयव्हनचंही सांगू नकोस, तुला वाटल्याशिवाय. रासा जे म्हणाली ते सांग, आणि मला माहीत नाही असं सांग, आणि तरी मी दर मंगळवारी त्या खोलीत का जाते ते सांग. जाते म्हणायचं, जात होते नाही. ते मी अजून धरून चाललेय.

मी इथे कॉम्प्युटरसमोर बसेन. तू चांगलं बोललीस तर माझा जळफळाट होणार, ते आत्ताच सांगून ठेवते. मॅलकीला पाणी आणून ठेवायला सांगितलंय. वाईट बोललीस तर मात्र मी तुला कधी माफ करणार नाही.

आणि त्याआधी, येत्या मंगळवारी ये. हीटर लावलेला असेल. वर्तमानपत्रवाले नसतील, मी बघते. मॅलकीबद्दल एक अक्षर बोलणार नाही असं वचन देणार होते, पण ते मला जमणार नाही. तू कप विसळायला उठलीस की मी गप्प होईन, एवढं जमेल.

तीन महिने तू नाहीस. मी मधोमध बसते हल्ली. खुर्ची रिकामी होती म्हणून बसले, कोणी हरकतही घेतली नाही. सगळे माझ्याकडेच बघून बोलतात. आणि मी सारखी दाराकडे बघते, कारण तू नसलीस की त्या खोलीत हेवा करण्याजोगं कोणी उरतच नाही, हेझल.

डिम्पना